देवांची विश्रांती

"मावशी, आवाज तुटतोय. मावशी, ऐकू येतंय का?"

एवढं बोलून विशाखाचं तोंड उघडंच राहिलं. एक डोळा अर्धवट मिटलेला, पाठीमागे इस्पितळाचा हिरवा पडदा, आणि त्या सगळ्यावर एक पांढरं चक्र गरगरत राहिलं. फोन पेटीवर तांब्याला टेकवून ठेवला होता. सुलभा त्याच्यासमोर नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन उभी होती. नमनाची पहिली ओळ तिच्या ओठांवर आली होती, ती तिनं गिळली.

"अहो, गेलं."

मी तबल्यावरून उठलो. फोन उचलला, खिडकीकडे नेला, दाराकडे नेला, देवघराच्या चौकटीपाशी नेऊन डोक्यावर धरला. चक्र फिरतच होतं. बंद करून पुन्हा लावला. विशाखा दिसली, हलली, पुन्हा थिजली. या वेळी तिच्या खांद्यामागून पलंगाचा कठडा दिसत होता आणि कठड्यावर एक सुरकुतलेला हात. तो अंबूताईंचा.

सलग तिसरी दुपार अशी चालली होती.

अंबूताई रिसबूड म्हणजे सुलभाच्या गुरू. आमच्या सबंध खोऱ्यात नारदाच्या गादीवर उभी राहणारी पहिली बाई. मी तर लहानपणापासून त्यांच्या कीर्तनांच्या मागे हिंडलेला. पायात चप्पल नसली तरी चालेल, पण पूर्वरंग चुकता कामा नये, असे आमचे दिवस. श्रावणात नाशिकला मुलीकडे, विशाखाकडे गेल्या असताना तिथल्या एका देवळात त्यांचं कीर्तन होतं. आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं, तुळसा नावाडिणीचं. पुरात पैलतीरावरून कुणीतरी हाक मारतं, सगळे नको नको म्हणत असताना तुळसा होडी लोटते, मधल्या धारेत वल्हं मोडतं, पैलतीरावरचा दिवा विझतो. तिथपर्यंत सांगून अंबूताईंनी पद उचललं, आणि दुसऱ्या ओळीला त्या जागच्या जागी खाली बसल्या. कीर्तनकार गादीवर कधी बसत नाही. लोकांना तिथंच कळलं.

वाचा गेली होती. डावी बाजू गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता दिवस मोजायचे. पण उजवा हात शांत होईना. झोपेत, जागेपणी, कठड्यावर टकटक, टकटक. औषध दिलं तरी टकटक. भेटीच्या वेळेत केलेलं त्याचं चित्रण विशाखानं एकदा सकाळी पाठवलं. तिला वाटलं, झटके येतायत. सुलभानं ते पाहिलं आणि फोन उराशी धरून ओट्यापाशीच उभी राहिली.

"झटके नाहीत," ती म्हणाली. "चिपळ्या आहेत. त्या पदाचा ठेका आहे. अहो, त्या तिथंच अडकल्यात. होडी मधल्या धारेत सोडून आल्यात."

पुढचं आख्यान जगात दोघींनाच येत होतं. अंबूताईंना आणि सुलभाला.

जायला रस्ता नव्हता. घाटात दरड आली होती आणि तिनं मोबाईलचा टॉवरही आडवा केला होता. धरणाच्या बाजूनं आलेली इंटरनेटची केबल तेवढी वाचली होती, आणि तिच्यावरच आमच्या घरचा वायफाय. सकाळी तो लख्ख चाले. पण अतिदक्षता विभागात फोन आत न्यायची परवानगी दुपारी भेटीच्या वेळेतच, एक ते दोन. आणि नेमका तेव्हाच तो मरे.

सकाळी कीर्तन ध्वनिमुद्रित करून पाठवून द्यावं, असं मी सुचवून पाहिलं होतं. सुलभा माझ्याकडे अशी बघत राहिली की मी विषय सोडून दिला. अंबूताईंनी जन्मात कुणाला कीर्तन ध्वनिमुद्रित करू दिलं नव्हतं. श्रोता समोर नसेल तर ते कीर्तन नव्हे, पाठांतर, असं म्हणायच्या. तरी दुसऱ्या दिवशी हताश होऊन आम्ही तेही केलं. विशाखानं त्यांच्या कानाशी लावलं. त्यांनी मान फिरवली आणि हात आणखी जोरात आपटायला लागल्या.

"मावशी, आईला त्रास होतोय त्याचा," तिनं कळवलं. "तुम्हीच बोला ना तिच्याशी."

*

त्या तिसऱ्या दुपारी फिरोज आला. आमच्याकडची केबल त्यानंच टाकली होती. रेनकोट ओसरीवर झटकत म्हणाला, "काका, सकाळी बघून गेलो न्हवं मी? लॅपटॉपला वायर लावली, फुल्ल स्पीड. वायफायवर बघितला, जरासा कमी. तेवढा फरक असतोयच. लाईन म्हंजे निव्वळ गंगाजल हाय तुमची."

"सकाळचं सोड. आत्ता बघ."

त्यानं आपला फोन काढून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आयला, आत्ता लईच रडतंय. डबा बघू द्या आतला."

वायफायचा डबा देवघरात होता. केबल आली त्या दिवशी आईनं तो पहिल्यांदा देवापुढं ठेवायला लावला होता. नवीन वस्तू घरात आली की तिला हळदकुंकू व्हायचं आणि मग ती जागेवर जायची, मिक्सरसुद्धा असाच गेला होता. पण डब्याचे हिरवे दिवे लागले आणि आईला ते आवडले. शिवाय विजेच्या समईसाठी केलेला प्लग तिथंच होता. "राहू दे देवाच्या पायाशी," ती म्हणाली. "एवढ्या लांबची माणसं घरात आणतोय, चांगल्या जागी असावा." तेव्हापासून रोज पूजेत एक फूल त्यालाही मिळे. देवघर आमचं भिंतीतच कोरलेलं, हातभर जाड दगडी भिंत, आणि पुढं वडिलांनी कऱ्हाडच्या तांबटाकडून घडवून आणलेली पितळी पत्र्याची दोन दारं, त्यांवर मोर.

फिरोज दाराकडे वळला तशी आई माजघरातून म्हणाली, "चार वाजता ये रे."

"आजी, एक मिनटाचं काम हाय."

"देव निजलेत."

"हळूच बघतो की. आवाज न्हाई करत."

"तुझ्या घरी कुणी निजलं असलं तर तू असाच शिरतोस होय? बस, ताक घे."

फिरोजनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बारा वाजता नैवेद्य झाला की आई विडा ठेवून, पाणी ठेवून दारं ओढायची, ती चारपर्यंत. ती सासरी आली तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्या वेळात दार मी कधी उघडलं नव्हतं, वडिलांनीही नाही. ते गेले त्या दिवशीसुद्धा दुपारी देवांची झोप मोडली नव्हती.

ताक पिऊन फिरोजनं बाहेर खांबावरची पेटी उघडून तपासली. "हितनं तर गंगाजल सरळ आत जातंय," तो म्हणाला. मग आत येऊन फ्रिज बंद करून पाहिला, आमचे सगळे फोन बंद करून एकच चालू ठेवला, मला पेटी-तबला खोलीच्या या टोकाला हलवायला लावला. चक्र फिरतच होतं.

"फिरोज," सुलभा म्हणाली, "फोनलाच वायर जोडता येत नाही का रे? टीव्हीला जोडलीस तशी?"

"येतीय की काकी. पण त्याला बारकी पिन लागती मधी. ती कऱ्हाडला मिळंल." तो थांबला. "आणि रस्ता तर असला. माझा लॅपटॉप पण हितनं गेल्यावर धरणावरच्या ऑफिसात दिला कामाला, उद्या संध्याकाळी हाताला लागंल."

"उद्या संध्याकाळी," सुलभा म्हणाली.

चार वाजता आईनं देव उठवले. फिरोजनं डबा पुढून-मागून बघितला. स्पीड असा धावत होता की त्याचं त्यालाच हसू आलं. "काका, ह्येला दुपारची झोप लागती बगा तुमच्या देवागत."

हसलो मीही. कळलं मात्र नाही.

*

चौथ्या दिवशी सकाळी पूजा चालू असतानाच विशाखाचा निरोप आला. रात्रीतून ताप चढला होता. डॉक्टर संध्याकाळी घशात नळी घालणार होते, आणि त्यानंतर आत कुणाला सोडणार नव्हते. शेवटी तिनं लिहिलं होतं, "आज दुपारची भेट शेवटची समजा मावशी. हात अजून थांबलेला नाही. बोटं सोलली आहेत."

सुलभानं आंघोळ केली, तीच नऊवारी नेसली. देवघरासमोर बसून तिनं सगळं आख्यान मनात एकदा म्हटलं. मी शेजारी पाटावर बसून होतो. देवासमोर मागायची मला सवय नाही, कीर्तनात ऐकलंय तसं, नाव घ्यावं आणि गप्प बसावं. पण त्या दिवशी मागितलं. म्हटलं, एक तास दे. बाकी काही नको.

आईनं नैवेद्य केला. दारं ओढली. मग माजघरात जाऊन टीव्ही बारीक आवाजात लावला. दुपारी ती एका चॅनेलवर कीर्तन ऐकायची.

एक वाजला. विशाखा दिसली.

"मावशी, आलेय मी आत. आईकडे करते हं फोन."

क्षणभर अंबूताईंचा चेहरा दिसला. नाकात नळी, केस मागे ओढलेले, डोळे छताकडे. सुलभानं वाकून नमस्कार केला. "ताई, मी सुलभा. तुमच्या आज्ञेनं उभी राहते." तिनं चिपळ्या वाजवल्या, मी ठेका धरला. आणि अंबूताईंचे डोळे छतावरून खाली यायला लागले, पापणी हलली, आणि चित्र तिथंच थिजलं. चक्र आलं.

"नाही," सुलभा म्हणाली. "नाही, नाही, देवा."

मी फोन लावला. तुटला. पुन्हा लावला. लागेचना. सुलभा पुन्हा वाजवायला लागली. समोर कुणी नसताना, थिजलेल्या चेहऱ्यासमोर गायला लागली. दोन ओळींनंतर तिचा आवाज फाटला. चिपळ्या तिच्या हातातून पडल्या आणि ती भिंतीला धरून खाली बसली. रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जमिनीकडे बघत बसली आणि तिचा उजवा हात फरशीवर आपटायला लागला. टकटक, टकटक.

मला ते बघवेना. मी माजघरात गेलो. का गेलो, सांगता येणार नाही, आई होती म्हणून. आई पाटावर बसून वाती वळत होती. टीव्हीवर कुणी बुवा फेटा बांधून नाचत होते, मागे झांजांचा गजर. तांब्याभर पाणी पिऊन मी तिथंच टेकलो.

"लागत नाही का रे?" आईनं विचारलं.

"नाही."

"अरे देवा."

बुवांनी गिरकी घेतली. गजर वाढला. एक तान गेली, समेवर आली. कुठं अडकली नाही, थिजली नाही. मी बघत राहिलो.

"आई, हे केव्हापासून चालू आहे?"

"मघापासून. रोज लावते की."

"मध्ये थांबलं होतं?"

"टीव्ही? छे. हा कधी थांबत नाही."

टीव्हीतही इंटरनेटच येत होतं. तीच केबल, तोच डबा. मी टीव्हीच्या मागे वाकलो. फिरोजनं जोडलेली निळी वायर भिंतीच्या कडेनं गेली होती, पेटाऱ्यामागून, उंबऱ्यावरून, देवघराच्या तळाशी पाडलेल्या भोकात. वायरीनं येत होतं. हवेतून येत नव्हतं. डबा जागा होता, त्याचं बोलणं बाहेर पडत नव्हतं. मी मान वर केली. समोर पितळी पत्रा, त्यावर दोन मोर, दारं घट्ट.

सकाळी दारं उघडी. चारनंतर उघडी. बारा ते चार बंद.

"आई, दार उघडायचंय."

"चार वाजता."

"आत्ता. त्या दारामुळंच लागत नाहीये. पत्र्यातून जात नाही ते."

आईचे हात वातीवर थांबले. "काय सांगतोस अन्या?"

"खरं सांगतो. डबा आत कोंडलाय. अर्धा तास उरलाय, नसेलही तेवढा. पाया पडतो तुझ्या. एकदाच मोड झोप त्यांची. पाप लागायचं ते मला लागू दे."

सुलभा दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं सासूपुढं हात जोडले.

आई आमच्याकडे बघत होती. तिला काय तोलायला लागत होतं ते मला ठाऊक होतं. ज्या माणसानं ती दारं घडवून आणली त्याच्या तिरडीच्या दिवशीही तिनं ती उघडली नव्हती.

"अंबूचं राहिलेलं आख्यान सांगणार होतात ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"हो आई," सुलभा म्हणाली.

"चार दिवस हेच चाललंय?"

"हो."

"देवाला निजवून?" आई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. "मग इतके दिवस सांगत कुणापुढं होता?"

मी दाराच्या कडीला हात घातला तशी तिनं माझं मनगट धरलं. "असं धाडकन नाही उघडायचं. माणूस दचकतो, देव नाही दचकणार? पाणी आण."

"आई, वेळ—"

"पाणी आण म्हटलं ना."

पाणी आणलं. तिनं हात धुतले, डोळ्यांना लावले, पदर डोक्यावरून घेतला. आणि बंद दारासमोर बसून, भर दुपारी, तिनं भूपाळी सुरू केली. रोज पहाटे म्हणायची तीच, त्याच संथ चालीत. सगळी कडवी. मी घड्याळाकडे बघत होतो. सुलभा डोळे मिटून उभी होती. एकदा वाटलं, म्हातारीला बाजूला करावं. शेवटचं कडवं संपलं, तिनं टाळी वाजवली, हळूच म्हणाली, "उठा बाबांनो, अंबू वाट बघतेय," आणि दोन्ही दारं एकदम मागे लोटली.

डब्याचे दिवे हिरवे होते. वर सकाळचं जास्वंदाचं फूल होतं.

माझ्या हातातला फोन वाजला. विशाखाच लावत होती.

*

वेळ थोडा होता म्हणून सुलभानं नमन एका श्लोकात आटोपलं आणि सरळ मधल्या धारेत उतरली. जिथं अंबूताई थांबल्या होत्या तिथंच, त्याच ओळीवर.

"पैल थडीला दिवा दिसेना, धारेमध्ये होडी,
तूच ओढ बा दोर दयाळा, शक्ती उरली थोडी."

अंबूताईंनी मान वळवली. हात कठड्यावर चालत होता. आधी आमच्यापेक्षा द्रुत होता. मी लय थोडी चढवली, त्यांना गाठलं, आणि मग दोघं मिळून हळूहळू खाली आलो. एवढ्या लांबून मी त्यांच्या हाताला साथ केली. आयुष्यात मी बऱ्याच कीर्तनांना वाजवलं, पण साथ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तुळसानं मोडकं वल्हं पाण्यात सोडून दिलं. हात जोडून होडीत बसली. होडी धारेविरुद्ध चालू लागली. काठाला लागली तर तिथं माणूस नाही, दिवा नाही, नुसता ओला दोर. "काठावरचं देऊळ बंद करून गुरव केव्हाच घरी गेला होता," सुलभा सांगत होती, आणि आई माझ्या मागे देवघरापाशी बसून ऐकत होती. "कुलूप लावलेलं. सकाळी दार उघडलं तर मूर्तीच्या तळहातावर वळ. कसले? दोराचे."

विशाखाच्या मागून आवाज आला. "मॅडम, वेळ झाली."

"सिस्टर, थोडंसंच," विशाखा म्हणाली.

पांढरा झगा पडद्यापाशी दिसला. सिस्टरचा हात पडद्यावर होता. तिनं पडदा ओढला नाही.

सुलभानं भैरवी घेतली. आईनं तोवर निरांजन लावलं होतं. आम्ही तिघांनी आरती म्हटली. देवाला ओवाळून झाल्यावर आईनं तबक फोनपुढं धरलं आणि तिथंही ओवाळलं. अंबूताईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आरतीच्या शेवटच्या ओळीला त्यांचा हात कठड्यावरून उचलला गेला, थरथरत कपाळाकडे गेला, अर्ध्यावर थांबला. विशाखानं तो धरून कपाळाला लावला. मग खाली ठेवला.

हात तसाच राहिला. चादरीवर, पालथा, गप्प.

"मावशी," विशाखा म्हणाली. "थांबला."

सिस्टर पुढं आली आणि फोन बंद झाला.

आम्ही बसून राहिलो. सुलभानं चिपळ्या कपाळाला लावून पेटीवर ठेवल्या. माजघरात टीव्ही चालूच होता, मी जाऊन बंद केला. मग फोनवर निरोप आला. मी वाचला आणि सुलभाकडे दिला, तिनं वाचला आणि आईला सांगितला.

"आई, ताई गेल्या. नळी घालायच्या आधीच. आत्ताच."

आईनं हात जोडले.

"आरतीआधी उठायचं नसतं," ती म्हणाली. "तिनंच दरडावून शिकवलंय सगळ्या गावाला. मग ती कशी उठेल?"

सुलभा तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग तिला हळूच बाजूला बसवून उठली, देवघरापाशी गेली. भांड्यात नवीन पाणी ठेवलं. विडा सारखा केला. डब्यावरचं फूल सरकलं होतं, ते नीट ठेवलं.

"आता निजू दे यांना," म्हणाली, आणि दोन्ही दारं हळूच ओढून घेतली.

माझ्या हातातल्या फोनवर विशाखाचा निरोप अजून उघडा होता. तिला दोन शब्द लिहून पाठवले. चक्र फिरायला लागलं. मी फोन पालथा घातला आणि चार वाजायची वाट बघत बसलो.